उरलीसुरली लोकर आणि न उरणारा वेळ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. घरात दोन मोठ्या पिशव्या भरून उरलेली लोकर आहे. कुठे स्वेटरमधून वाचलेले अर्धे गुंडे, कुठे बाळंतविड्यातली गुलाबी-पिवळी, आणि आईने विणलेल्या शालीतला ११ ग्रॅमचा एक केशरी गुंडा, जो टाकवतही नाही आणि कशाला पुरतही नाही. नोकरी आहे, मुलगा तिसरीत आहे, सासऱ्यांचं आजारपण आहे, सलग अर्धा तास मिळत नाही. व्हिडिओ बघून तीन गोष्टी सुरू केल्या, तिन्ही अर्धवट पडल्या. "काकू, एवढ्याशा वेळात एवढ्याशा लोकरीचं काय करू?"

काकू म्हणालात, तर काकूच्या हक्कानेच सांगते. त्या तिन्ही गोष्टी वेळेअभावी राहिलेल्या नाहीत. दहा मिनिटं मिळाली की तुम्ही पिशवी उपसता, रंग जुळवता, सुई शोधता, मग "कितव्या सुईवर होते मी?" म्हणून मोजत बसता (विणीच्या एका ओळीलाही आम्ही 'सुई'च म्हणतो). त्यात आठ मिनिटं जातात आणि विणायला दोन उरतात. मी पस्तीस वर्षं विणते आहे, त्यातली अठरा डोंबिवलीत शिकवण्या घेते आहे, आणि शिकायला येणाऱ्या नोकरदार बायकांचं निम्मं रडगाणं हेच असतं. तेव्हा दोनच गोष्टी करायच्या. सगळी निवडानिवड एकदाच, एका रविवारी उरकून टाकायची. आणि विणायला असं काही घ्यायचं, की दारावरची बेल वाजली तर कुठल्याही सुईवर सोडून उठता येईल आणि चार दिवसांनी हातात घेतलं तरी काही आठवावं लागणार नाही.

आधी निवडानिवड. तुम्ही रंगावर लावून ठेवली असणार, सगळेच तसं करतात. ते मोडा आणि जाडीवर लावा. लेबलं हरवलेली असतात, म्हणून साधी पट्टी घ्या आणि तिच्यावर लोकर न ताणता, वेढ्याला वेढा चिकटेल अशी एक इंचभर गुंडाळा. ज्यांचे वेढे साधारण सारखे भरतील त्या लोकरी एका ढिगात. दोन गुंड्यांबद्दल शंका असेल तर एकाचा धागा दुसऱ्याच्या धाग्यात अडकवून दोन्ही दुमडून ओढा आणि जोडावरून चिमटीत धरून बोट फिरवा. जाडी बदलली तर बोटाला लगेच कळते, डोळ्यांना कळत नाही. बारीक लोकर वाया नाही जात, दोन पदर एकत्र धरून विणली की ती जाड ढिगात बसते. गुलाबी आणि पांढरी अशी दुपदरी विणा, दिसतेही छान.

दुसरी चाळणी प्रकाराची. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, मेंढीचा तिच्याशी काही संबंध नसतो. मात्र कोणी मनालीहून आणलेली, कोणी परदेशातून पाठवलेली खरी लोकर तुमच्या पिशवीत नक्की सापडेल. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, सिंकवर, काडीने पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो.

हे मी का एवढं घोळवून सांगते? भाच्याच्या मुलाला मी एक पट्ट्यापट्ट्यांची टोपी विणली होती, उरलेल्या पाच रंगांची. रंग झकास जुळले होते, प्रकार कोण बघतो! सूनबाईने बिचारीने ती गरम पाण्याच्या धुलाईला टाकली. त्यातले दोन पट्टे खऱ्या लोकरीचे होते, ते आटून घट्ट झाले, बाकीचे तीन तसेच राहिले. बाहेर आली तेव्हा टोपीला दोन ठिकाणी कमरपट्टा बांधल्यासारखी दिसत होती. ती अजून माझ्याकडे आहे, वर्गात पहिल्याच दिवशी दाखवते. खरी लोकर वेगळ्या डब्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. कसर तिलाच लागते, ॲक्रिलिकला लागत नाही.

आता वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा विणणाऱ्या बाईला सुयांइतकाच लागतो. प्रत्येक गुंडा तोला आणि चिठ्ठीवर आकडा लिहून गुंड्यात खोचा. "एवढीशी आहे" हे काही माप नाही. '११ ग्रॅम' म्हटलं की हिशेब करता येतो, आणि तुमच्या केशरी गुंड्याचा मी खाली करूनच देणार आहे.

करायचा आहे तो तिरका चौकोन. एका कोपऱ्यातून सुरू होतो आणि समोरच्या कोपऱ्यात संपतो. नेहमीच्या चार पदरी ॲक्रिलिकला ८ नंबरची सुई, म्हणजे ४ मिलिमीटर. (आपल्याकडे जुने विलायती नंबर अजून चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. व्हिडिओतल्या बाईची ८ नंबरची सुई वेगळीच असू शकते, म्हणून नेहमी मिलिमीटर बघा.) दोन टाके घाला. प्रत्येक सुईच्या सुरुवातीला पहिला टाका पुढून विणायचा, डाव्या सुईवरून उतरवायचा नाही, तोच मागूनही विणायचा, म्हणजे एकाचे दोन झाले. पुढचे सगळे सुलट. उलटून घ्यायचं आणि पुन्हा तेच. उलट टाका नाही, नक्षी नाही. प्रत्येक सुईला एक टाका वाढत जातो. सुईवर ३५ टाके झाले की उतरण सुरू करायची. आता प्रत्येक सुईच्या सुरुवातीला पहिल्या दोन टाक्यांचा एक करायचा, बाकी सुलट. शेवटी दोन उरले की त्यांचाही एक करून धागा ओढून घ्यायचा. माझ्या हाताला चौकोनाची बाजू पाच इंच भरते. तुमचा हात सैल असेल तर थोडी जास्त भरेल, मग सगळेच चौकोन ३३ टाक्यांवर वळवा. आकडा कुठलाही चालेल, सगळ्यांना एकच हवा.

या चौकोनाचं मला एवढं कौतुक का, तर यात लक्षात ठेवायला काही नाही. चढण आहे की उतरण, ते हातात धरलं की दिसतं. आणि हिशेब पाहा. चढताना दोनापासून पस्तीसपर्यंत आणि उतरताना चौतीसपासून खाली, सगळे मिळून साधारण बाराशे टाके होतात. एका टाक्याला अडीच-तीन सेकंद धरले तर अख्खा चौकोन तासाभरात. लोकर लागते आठ ते नऊ ग्रॅम. पहिला झाला की तोलून बघा, तुमच्या हाताचा खरा आकडा तोच.

गुंडा नऊ ग्रॅमचाही नसेल तर? ३५ टाक्यांवर वळताना रंग बदला. अर्धा चौकोन एका रंगाचा, अर्धा दुसऱ्याचा, मधून तिरकी रेघ. म्हणजे पाच ग्रॅमचा तुकडासुद्धा कामाला आला. गोधडीतल्या त्रिकोणी ठिगळासारखा दिसतो, आणि खरं सांगू, मला सबंध रंगाच्या चौकोनांपेक्षा हेच जास्त आवडतात. उरलेल्या लोकरीतून केलेली वस्तू नव्या लोकरीची असल्याचा आव आणायला लागली की बिघडते.

वळायच्या आतच, मधल्याच कुठल्या सुईवर धागा संपेल अशी भीती वाटली तर एक जुना ठोकताळा आहे. उरलेला धागा विणीवर आडवा धरून बघा. विणीच्या रुंदीच्या किमान तिप्पट असेल तर एक सुई होईल. टाके बंद करायला चौपट ठेवा. तिपटीहून कमी असेल तर सुई सुरूच करू नका, कडेलाच रंग बदला. मध्ये गाठ मारून पुढे जायचा मोह होतो, पण ती गाठ नेमकी दर्शनी बाजूला डोकं काढते.

रविवारची तिसरी पायरी म्हणजे पुड्या करणं. चेनच्या छोट्या पिशव्या घ्या. एकात एक किंवा दोन गुंडे मिळून एक चौकोन होईल एवढी लोकर आणि चढण-उतरण लिहिलेली चिठ्ठी. अशा दहा पुड्या. सुया मात्र दोन-तीनच जोड लागतील, चालू पुडीत तेवढ्या ठेवायच्या. एक पुडी ऑफिसच्या पर्समध्ये, एक ओट्याजवळच्या खणात, एक सासऱ्यांच्या पलंगाशी. रंग जुळवत बसायचं नाही, हाताला येईल ती पुडी उचलायची. कुकरच्या तीन शिट्ट्यांत माझ्या पाच-सहा सुया होतात, मधल्या रुंद भागात असले तर चार. दवाखान्यात नंबर येईपर्यंत अर्धा चौकोन. मी नोकरीत होते तेव्हा डोंबिवली ते सीएसएमटी स्लो गाडीत जाताना एक पूर्ण व्हायचा, अर्थात बसायला मिळालं तर. गर्दीत लांब सुया काढू नका, शेजारणीच्या कोपराला टोचतात आणि मग डब्यात जे ऐकून घ्यावं लागतं ते मी ऐकलेलं आहे. वायरने जोडलेली गोल सुई घ्या. तिच्यावर सरळ विणकामही होतं, सगळं मांडीवरच राहतं आणि एक सुई सीटखाली घरंगळत गेली असं होत नाही. उठताना फक्त एवढं पाळा की चालू सुई पूर्ण करूनच उठायचं. तेवढेही सेकंद नसतील तर टाके सुईच्या मध्यावर सरकवून टोकांना रबरबँड लावा.

आणि टोकं. चौकोन झाला की दोन धागे लोंबत राहतात. ते "मग एकदम लपवू" म्हणून ठेवलेत तर बेचाळीस चौकोनांचे चौऱ्याऐंशी धागे दिवाळीपर्यंत तुमची वाट बघतील. मी बघितलेल्या अर्धवट चादरींपैकी बऱ्याच इथे येऊन थांबलेल्या आहेत. मोठ्या नेढ्याची बोथट सुई प्रत्येक पुडीत हवीच. शेवटचा टाका ओढला की त्याच बैठकीत टोक दोन-अडीच इंच एका दिशेने ओवून, मग उलट फिरून इंचभर परत. ॲक्रिलिक निसरडं असतं, एकाच दिशेने ओवलेलं टोक धुण्यात सुटून वर येतं.

बेचाळीसचा आकडा कुठून आला, तर सहा गुणिले सात. पाच इंची बेचाळीस चौकोन जोडले की तीस बाय पस्तीस इंचांचं बाळाचं पांघरूण होतं. चौकोनांना साधारण ३६० ग्रॅम लोकर लागते, जोडायला आणि कडेला आणखी साठ-सत्तर. आठवड्याला तीन चौकोन झाले तर चौदा आठवडे, म्हणजे सव्वातीन महिने. जोडण्यासाठी मात्र एकच रंग विकत घ्या. उरलेली लोकर संपवण्यासाठी नवी आणायची यावर घरात टोमणे बसतील, बसू देत. राखाडी किंवा मोतिया रंग सगळ्या चौकोनांभोवती फिरला की शेजारी शेजारी आलेले जांभळा आणि पोपटीसुद्धा भांडत नाहीत. जोडताना बेचाळीस एकदम घेऊन बसू नका. सात झाले की क्रोशाने एक पट्टी जोडून टाका. सगळे सारख्या मापाचे हवेत म्हणून ३५ चा आकडा मी एवढा धरून ठेवला, कारण खरी लोकर ओली करून, ताणून वाळवली तर मापात आणता येते, ॲक्रिलिक तसं वळत नाही. इस्त्री तर फिरवूच नका, विणीचा जीव जातो, लोळागोळा होतो. चेन्नईला ३१ जानेवारी २०१६ रोजी मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाच्या बायकांनी घरोघरी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरची क्रोशाची चादर मांडली आणि गिनेसमध्ये नोंद झाली. लोक आकडा बघून थक्क होतात. मला विचाराल तर इतक्या हातांचे तुकडे एकमेकांना जुळले, ते जास्त मोठं.

चौकोनांचा कंटाळा येणार, तो येऊ द्या. मध्ये तोंडी लावायला कानपट्टी घ्या. ८ नंबरच्या सुईवर २० टाके, सगळ्या सुया सुलट, अठरा इंच झाली की टाके बंद करून दोन टोकं शिवायची. पंचवीस ग्रॅमच्या आसपास लोकर. पट्टे कितीही घाला. डिसेंबरात सकाळी पुण्यात पर्वती चढणाऱ्यांच्या कानांवर नजर टाका म्हणजे मागणी कळेल. टोपरं जरा लक्ष देऊन करायचं काम आहे, ते रविवारी. बारीक लोकर, १० नंबरची सुई, ७२ टाके, दीड इंच दोन सुलट दोन उलट, मग साधी वीण (एक सुई सुलट, एक उलट), आणि साडेचार इंचांनंतर दर सात टाक्यांनी दोनाचा एक करत, एक सुई आड, माथा मिटवत न्यायचा. मागून शिवायचं. नवजात बाळाला बसतं आणि वीस ग्रॅमच्या आत होतं. त्याच्यावर गोंडा लावू नका आणि गळ्याशी बांधायला लांब नाडीही नको. आपल्या आया-आज्यांनी कुंच्यांना नाड्या लावल्या हे खरं, पण त्या काळी बाळ सतत कुणाच्या तरी मांडीवर असायचं. आता ते पाळण्यात एकटं झोपतं. नाडी गळ्याभोवती आवळू शकते आणि गोंड्याचे तंतू सुटून तोंडात जातात.

ॲक्रिलिकचं गरम भांडी धरायचं फडकं मात्र करू नका. व्हिडिओत गोड दिसतं. वर तुम्ही काडीने पेटवून बघितलंत ना काय होतं ते? तापलेल्या कढईच्या कानाला तेच होतं, बोटांना चिकटून. त्यासाठी सुती धागा.

कुणाला द्यायचं मनात असेल तर आधी विचारा, मग विणा. मुंबईतल्या सायशा इंडिया फाउंडेशनमधून स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरायला हाताने विणलेले मऊ सुती कृत्रिम स्तन बायकांना मोफत दिले जातात. सुंदर काम आहे, पण ते जखमेच्या नाजूक कातडीवर बसतात, तिथे आपली उरलीसुरली ॲक्रिलिक चालत नाही. रुग्णालयांतही बाळांच्या टोप्या घेतात, पण प्रत्येकाचे नियम वेगळे. आपली अडगळ रिकामी व्हावी म्हणून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली तर तिला दान म्हणू नये.

आणि एवढं सगळं करूनही हातभर लांबीचे तुकडे उरतीलच. एक जुना डबा करा, त्यात टाकत जा, भरला की घट्ट विणीचा चेंडू विणून त्यात ठासा. जुनाट, चरचरीत, रंग विटलेली लोकर तर सरळ फेकून द्या. तुम्हाला कुणी विचारणार नाही. पूर्वी रुखवतात लोकरीचे ससे आणि बदकं मांडायचे, दारावर लोकरीचं तोरण असायचं, टीव्हीवर लोकरीचं झाकण. तीही शेवटी उरलेलीच लोकर होती आणि त्यातली किती तरी पुढे माळ्यावर धूळ खात पडली. एका अडगळीची दुसरी अडगळ करायला वेळ घालवू नका, तो तुमच्याकडे नाही.

राहिला केशरी गुंडा. आईच्या शालीतला आहे, तर तो पांघरुणाच्या मधल्या भागात बसवा. ११ ग्रॅम म्हणजे एक सबंध चौकोन, रंग न बदलता. हात बेताचा असेल तर दोनेक ग्रॅम उरतील. तेवढ्यात देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला टोपरं होतं. १२ नंबरच्या सुया घ्या, डोक्याभोवती धागा गुंडाळून माप काढा आणि सुरुवातीला दोन टाके कमीच घाला, पितळी डोक्यावरून टोपरं फार घसरतं.